तेलाचा डबा आणि तीन तारा



आमच्या भाच्याला गिटार हवी होती. २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. दहावीचा निकाल लागायचा होता, पोरगे घरात रिकामे बसलेले, आणि रिकाम्या पोराच्या डोक्यात काय येईल याचा भरवसा नाही. आम्ही पडलो मामा. भाच्याचा हट्ट मामाने पुरवावा असा रिवाज आहे. मामाच्या खिशाचा रिवाज मात्र वेगळा आहे. तरी म्हटले, बघायला काय पैसे पडतात?

दाजी, भाचा आणि आम्ही असे तिघे दुकानात गेलो. दुकानाचे नाव येथे देत नाही, देण्याची गरजही नाही. भिंतीवर ओळीने इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या. खाली पाटी : 'कृपया वाद्यांना हात लावू नये.' पाटी सर्वांसाठी होती हे मान्य. पण आमच्या देखत दुसऱ्या एका मुलाला नोकराने गिटार काढून मांडीवर दिली, आणि आमच्या भाच्याने नुसते बोट पुढे केले तेव्हा त्याला पाटी दाखवली. किंमत साडेसात हजार, आवाजाचे यंत्र वेगळे. आम्ही गप्प बाहेर पडलो. लोकलमध्ये दाजी एवढेच म्हणाले, "जिथं हात लावू देत नाहीत तिथं परत जायचं नाही."

भाच्याने दोन दिवसांनी जाहीर केले, "मामा, मी घरीच बनवतो. तेलाच्या डब्याची."

दाजी भडकले. दाजी कारखान्यात फिटर आहेत, शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत गेला. "माझ्या बापानं आयुष्यभर पाठीवर पोतं घेऊन भंगार वेचलं. त्यातून मला आयटीआय केलं. मी या घरात भंगाराचा खिळासुद्धा येऊ दिला नाही. आणि तू डबा घेऊन येतोस?" भाचा आमच्याकडे बघायला लागला. "मामा, तुम्ही सांगा ना पप्पांना."

काय सांगणार? दाजींचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. भंगाराचा वास ज्याने लहानपणी अंगावर वागवला, त्याला 'टाकाऊतून टिकाऊ'चे कौतुक शिकवायला जाऊ नये. शाळेत पोरांना ते हस्तकला म्हणून शिकवतात. आपल्याकडे ती रोजीरोटी होती. तेव्हा आम्ही उपदेश केला नाही. फक्त दाजींना एक गोष्ट सांगितली, कारण त्यांनी विचारले होते, "डब्याची गिटार जगात कुणी वाजवली आहे का?"

वाजवली आहे, आणि वाजवणारे आपल्यासारखेच लोक होते. अमेरिकेत १८६० च्या दशकात सरकारने करवसुलीसाठी सिगार पेट्यांत भरूनच विकायचे बंधन घातले. लाकडी पेट्यांचा सुकाळ झाला. सिगार ओढणारा मालक, रिकामी पेटी नोकराची. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण मोकळ्या झालेल्या काळ्या मजुराच्या हाती वाद्य घ्यायला पैसा कुठला? त्याने पेटीला काठी ठोकली, तारा ताणल्या, आणि झाली गिटार. ज्याला पेटीही मिळाली नाही त्याने झोपडीच्या भिंतीला एक तार खिळ्यांनी ताणून खाली बाटली अडकवली आणि दुसऱ्या बाटलीने ती तार घासून वाजवली. टेक्सासचा लाइटनिन हॉपकिन्स हा ब्ल्यूजचा मोठा गवई. १९१२ चा जन्म. त्याची पहिली गिटार त्याने पोरवयात सिगारच्या पेटीची केली होती. टेनेसीचा कार्ल पर्किन्स गोरा होता, पण आईबाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणारे. त्यालाही बापाने पहिली गिटार सिगारची पेटी आणि झाडूची काठी जोडून दिली. पुढे त्याची गाणी बीटल्सनी गायली. दक्षिण आफ्रिकेत झुलू लोक रिकाम्या तेलाच्या डब्याची गिटार करतात. तिला इगोगोगो म्हणतात, आणि ते नाव मुळात डब्याचेच आहे.

दाजी ऐकत होते. मग आम्ही पॅराग्वे देशातील कातेउरा येथली हकीकत सांगितली. असुन्सिओन या राजधानीचा कचरा तिथे येऊन पडतो आणि वस्तीतली माणसे तो वेचून जगतात. फाविओ चावेस नावाचा एक तंत्रज्ञ कामानिमित्त तेथे आला आणि मुलांना संगीत शिकवू लागला. मुले पुष्कळ, वाद्ये थोडी. तेव्हा कचरा वेचणारे निकोलास गोमेस यांनी पिंपाचा चेलो केला, मिठाईच्या डब्यांची गिटार केली. त्या मुलांच्या वाद्यवृंदावर २०१५ मध्ये चित्रपट आला आणि मुले देशोदेशी वाजवून आली.

"म्हणजे ती पोरं अजून कचऱ्यातच राहतात आणि जग टाळ्या वाजवतं," दाजी म्हणाले.

हा टोला आम्हाला मान्य आहे. गरिबाच्या पोराने डबा वाजवला की पेपरवाल्यांचे डोळे भरून येतात; त्याच्या वस्तीत नळ आहे का हे विचारताना तेच डोळे कोरडे असतात. पण दाजी, त्या गोमेसचे काय? त्याने डबा वेचला म्हणून तो मोठा नाही. डब्यातून सूर कसा निघतो हे त्याने शोधून काढले. ती कारागिरी आहे, फिटरचे काम आहे. यावर दाजी काही बोलले नाहीत. 'नाही' असेही म्हणाले नाहीत. भाच्याने तेवढ्यावर काम सुरू केले.

पहिला डबा चुकला. कोपऱ्यावरच्या खानावळीतून पंधरा किलोचा चौकोनी डबा आणला. तो इतका जाड की मांडीवर घेतला तर हात पलीकडे पोचेना, आणि आवाज म्हणजे वरातीत पिंप बडवल्यासारखा. मग पाच लिटरचा पत्र्याचा डबा मिळाला : फूटभर उंच, साडेसहा इंच रुंद, चार इंच जाड. अगदी बेताचा. आमच्या ताईने धुण्याचा सोडा आणि कढत पाणी घालून तो तीनदा खळखळून उन्हात वाळवला. येथे माताभगिनींना एक सांगणे आहे. मुले असले काही करायला लागली तर डबा खाण्याच्या तेलाचाच असू द्या. रंगाचा, औषधाचा, रसायनाचा डबा घरात आणू नका; तो धुऊन स्वच्छ होत नाही. आणि पत्रा कापला की त्याची धार ब्लेडसारखी असते. कड आत दुमडून कानस फिरवल्याशिवाय मुलांना हात लावू देऊ नका. आमच्या भाच्याच्या अंगठ्याला टाका पडता पडता राहिला.

दांड्यासाठी मोडक्या कॅरमच्या चौकटीची पट्टी घेतली. लाकूड कठीण, सरळ, आणि फुकट. ही पट्टी डब्याला नुसती ठोकून चालत नाही. तीन तारांचा ताण मिळून वीस किलोच्या आसपास जातो. वीस किलो तांदळाची गोणी पत्र्याला लटकवून पाहा म्हणजे समजेल. म्हणून डब्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला नेमकी पट्टीएवढी खाच कापायची आणि पट्टी डब्याच्या पोटातून आरपार घालायची. मग ताण पट्टी सोसते, डबा फक्त गुंजतो. खुंट्या चोरबाजारातून एका फुटक्या गिटारीच्या काढून आणल्या. वरच्या टोकाला तारा टेकायला एक बोल्ट आडवा बसवला.

आता स्वरांच्या खुणा. येथे भाची कामाला आली. ती बारावी विज्ञानाला आहे. ती म्हणाली, मोकळी तार ६० सेंटिमीटर धरा आणि तिला १७.८१७ ने भागा. आले ३.३७. बोल्टापासून तेवढ्यावर पहिली खूण. उरले ५६.६३. त्याला परत त्याच आकड्याने भागा, आले ३.१८, ती पुढची खूण. असे करत बाराव्या खुणेला आलात की बरोबर मध्यावर, ३० सेंटिमीटरवर पोचता आणि तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. नाही पोचलात तर कुठेतरी भागाकार चुकला. आम्ही आयुष्यभर गाणी ऐकली, पण प्रत्येक स्वराला असा हिशेब असतो हे आम्हाला वयाच्या साठीत एका मुलीने वहीत मांडून दाखवले. सातवी खूण जवळपास २० सेंटिमीटरवर येते, म्हणजे तारेच्या एक तृतीयांशावर. तिथे पंचम लागतो. पट्टीवर पितळी पडदे ठोकण्याची खटपट आम्ही केली नाही. रंगाच्या रेघा मारल्या आणि तारेवरून फिरवायला स्टीलच्या नळाचा गुळगुळीत तुकडा घेतला. पडदे नसल्याने एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येते, आणि आपल्या गाण्याला ते बरेच.

तारा तीनच. बाजारात सहांचा संच मिळतो; त्यातल्या मधल्या तीन घेतल्या आणि त्या सा-प-सा अशा लावल्या. आमची आई, वय वर्षे ब्याऐंशी, खाटेवरून बघत होती. म्हणाली, "अगं बाई, हे तर तुणतुण्याचं भावंड!" म्हातारीचे बरोबर आहे. तुणतुणे म्हणजे तरी काय? एक पोकळ भांडे, त्याला कातडे, बाजूला काठी, एक तार. जलशात शाहिराच्या मागे ते उभे असायचे.

इथवर सगळे झाले आणि तारा पिळल्या तशी तारांखालची घोडी पत्र्यात रुतली. डब्याला पोचा आला, तारा खाली बसल्या, सूर गेला. भाचा रडवेला झाला. त्या रात्री आम्ही झोपलो होतो. पहाटे पाण्याला उठलो तर मोरीजवळच्या दिव्याखाली दाजी बसलेले. पुढ्यात डबा, हातात कानस. त्यांनी पट्टी बाहेर काढली होती आणि तिच्यावर घोडीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवत होते, पत्र्याला आतून बरोबर टेकेल असा. आमच्याकडे न बघता म्हणाले, "दाब पत्र्यावर येऊन कसं चालेल? लोड पट्टीवर गेला पाहिजे. कुणी शिकवलं याला?" आम्ही म्हणालो, कुणीच नाही. "मग शिकवायला नको?" असे म्हणून त्यांनी कानस चालू केली.

आता विजेचा भाग. भाच्याला साधी नाही, इलेक्ट्रिक गिटार हवी होती. सर्वात पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये तयार केली आणि १९३२ पासून ती विकली गेली. अॅल्युमिनियमची गोल थाळी आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत, म्हणजे आपला दांड्याचा तवा. तीही मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या तुकड्याने वाजवत. तिच्यात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. लोखंडी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उमटते. भाच्याने जळक्या पंख्याची तार काढून वेटोळे गुंडाळले. आवाज आला तो डासासारखा. असल्या वेटोळ्याला केसाहून बारीक तार आणि पाच-सात हजार वेढे लागतात. पंख्याची जाड तार शे-दोनशे वेढ्यांतच संपली.

मार्ग दाखवला तो आमच्या वस्तीतल्या बेंजोवाल्या काकांनी. लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत आपण जो बेंजो ऐकतो, त्याचे मूळ जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे तारांवर बसवून ते वाद्य केले. ते हिंदुस्थानात आले, आणि मुंबईच्या कारागिरांनी त्याला वीज जोडून रस्त्यावर उतरवले. काका चाळीस वर्षे असले बेंजो उघडतात आणि बंद करतात. ते म्हणाले, "पोरा, लॅमिंग्टन रोडला जा आणि पिझोची चकती घेऊन ये."

ही चकती रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी, पितळेची, वर पांढरा लेप. दहा-वीस रुपयांत मिळते. बोलणाऱ्या खेळण्यांत, घड्याळाच्या गजरात ती असते. तिच्यावर दाब पडला किंवा ती थरथरली की वीज तयार होते. हा गुण १८८० मध्ये फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी शोधला. आमच्या ताईला आम्ही सांगितले की तुझ्या गॅसच्या लायटरमध्ये 'टक्' होऊन ठिणगी पडते ती याच करणीने. तेव्हापासून ती लायटरकडे जरा आदराने बघते. चकती ठोकळा आणि घोडी यांच्यामध्ये दाबून बसवली, दोन वायरी डब्यातून बाहेर काढल्या.

भाचा लगेच ती जुन्या टेपच्या अँप्लिफायरला जोडायला निघाला. काकांनी त्याचा हात धरला. हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो. घरातला जुना अँप्लिफायर विजेच्या मेन लाइनवर चालतो. त्याचे आतले इन्सुलेशन फुटलेले असते, अर्थिंग बहुधा नसतेच. गिटारीच्या तारा लोखंडी, डबा लोखंडी, मुलाचे हात घामेजलेले, पाय अनवाणी, आणि आपल्या खोलीतली फरशी ओली. आमच्या तरुणपणी एका मंडपात गाणाऱ्याच्या ओठाला माइकचा झटका बसलेला आम्ही पाहिला आहे. माणूस वाचला, पण पुन्हा माइकजवळ उभा राहिला नाही. काकांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर जोडून दिला. त्यात एलएम ३८६ नावाची नखाएवढी चकती असते, फारतर अर्ध्या वॉटचा आवाज. खोली भरते, शेजारी भांडायला येत नाहीत, आणि मुलगा जिवंत राहतो.

तरी घूंऽ असा आवाज येतच होता. काकांनी एक वायर डब्याच्या पत्र्याला डाग देऊन जोडली, ती अँप्लिफायरच्या ऋण टोकाला. घूं बराचसा थांबला. कारण पत्रा आता बाहेरच्या विजेच्या लहरी आत येऊ देत नाही. म्हणजे या कामापुरता डबा लाकडापेक्षा सरस ठरला! मग शिट्टी मारू लागला, कारण पत्र्याने स्वतःचाच आवाज परत पकडला. तेव्हा पोटात जुन्या गादीचा फोम भरला. एकंदर खर्च सातशे रुपयांच्या आत. वेळ मात्र पावणेदोन महिने, आणि त्यात अकरावीच्या प्रवेशाची धावपळ.

आवाज कसा आहे, असे वाचक विचारतील. खरे सांगायचे तर दुकानातल्या गिटारीसारखा नाही. थोडा किनरा, थोडा पत्र्याचा, पावसात टपरीवर थेंब पडावेत तसा. पण खालचा षड्ज लावून नळ फिरवला की अंगावर काटा येतो. चांगली गिटार आमच्या भाच्याला मिळायला हवी, याबद्दल आमचे मत बदललेले नाही, आणि दाजी त्यासाठी दरमहा काही बाजूला टाकतात हे ताईने आम्हाला हळूच सांगितले आहे.

१४ एप्रिल २०२५ ला वस्तीच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम झाला. भाचा डबा घेऊन बसला. पहिले गाणे उत्तम झाले. दुसऱ्यात वायरीचा डाग सुटला आणि आवाज एकदम गेला. पोराने वाजवणे थांबवले नाही, डबा तसाच उचलून गाणाऱ्या मुलीच्या माइकजवळ नेला. कार्यक्रम संपल्यावर वीस-पंचवीस पोरे त्याच्याभोवती गोळा झाली. कुणी तार ओढतोय, कुणी डबा वाजवतोय, एक चिमुरडी तर नळाचा तुकडा घेऊन पळाली. दाजी गर्दीच्या मागे उभे होते. "हळू, हळू," एवढेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा सोल्डरिंगचा गन आणला. ताईने पाच लिटरचा आणखी एक डबा रिकामा करून ठेवला आहे. भाचीला तो हवा आहे, चार तारांसाठी. ताई मात्र म्हणते की तो तांदळाचा आहे, आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही.